शाकारणी चुकलेली घरं

आमच्या गावात सात हिस्सेदारांचं एक सामायिक घर होतं. सातही जण मुंबईला, त्यातल्या चौघांचं एकमेकांशी बोलणं नाही. घर मात्र देखणं. जांभ्याचं जोतं, मातीच्या भिंती, वर नळ्याची कौलं, पुढे लांबरुंद पडवी. शेवटची म्हातारी गेली त्या वर्षी सगळे जमले, तेरावं झालं, दाराला कुलूप लागलं. पुढच्या वैशाखात शाकारणी कुणी करायची यावर फोनवर भांडण झालं आणि ती राहूनच गेली.

ज्यांनी नळ्याचं छप्पर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळे म्हणजे हाताने थापलेली अर्धगोल कौलं. ती रिपांवर नुसती रचलेली असतात, कशाला बांधलेली नसतात. वाऱ्याने सरकतात, मांजर चाललं तरी हलतात, माकडांनी उडी मारली की फुटतात. म्हणून दर उन्हाळ्यात ती उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढून नवी घालायची आणि पुन्हा रचायची. ही शाकारणी. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौलं हळूहळू कोकणभर पसरली. शाकारणीचं काम त्यामुळे बरंच हलकं झालं, संपलं मात्र नाही.

पहिल्या पावसाळ्यात घराला काही झालं नाही. निदान बाहेरून तरी दिसलं नाही. आत एक नळा सरकला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो अशा मुलखात एवढं भोक पुष्कळ होतं. पाणी वाशावरून ओघळत भिंतीच्या माथ्यावर आलं. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. तिला डोक्यावर छत्री आणि पायात जोडे हवेत, म्हणजे वर छप्पर आणि खाली जोतं. छत्री फाटली की ती वरून विरघळायला लागते.

दुसरी गोष्ट धुराची. रोज चूल पेटत होती तोवर आढं, वासे, रिपा काजळीने काळ्या, तुकतुकीत झाल्या होत्या. धुराने लाकूड कोरडं राहायचं, किड्याला ते नकोसं व्हायचं. चूल विझली, लाकडात ओल धरली आणि वाळवी चढली. आपल्याकडची वारूळवाली वाळवी स्वतः फार लाकूड पचवू शकत नाही. ती लाकडाचा चोथा वारुळात नेते आणि त्यावर एका बुरशीची शेती करते. बुरशी लाकूड मऊ करते, वाळवी ते खाते. पावसाच्या सुरुवातीला हीच बुरशी कधीकधी जमिनीतून वर डोकं काढते, तिला आपण अळंबी म्हणतो, गोव्यात ओळमी. तर चौथ्या की पाचव्या पावसाळ्यात त्या घराच्या न्हाणीमागे अळंबी उगवली. शेजारच्या काकीने खोबरं घालून तिचं कालवण केलं, आम्हालाही वाटीभर पाठवलं. आम्ही त्या घराचं आढं खात होतो हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सातव्या वर्षी मधला वासा मोडला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ती कुणा सुताराने रचली असावी असं मला तेव्हापासून वाटतं. आमचे सुतारकाका पडवीकडे बघून एवढंच म्हणाले, "माणूस रवलो नाय, तर घर रवणा नाय."

ओसाड जागा निसर्ग परत घेतो, असं आपण म्हणतो. त्या बोलण्यात एक गफलत आहे. परत घ्यायला तो कुठे गेलेला नसतोच. म्हातारी होती तेव्हाही वाळवी अंगणात होतीच; म्हातारी तिच्यावर रॉकेल ओतायची. पावसाची ओल दरवर्षी यायची, दरवर्षी भिंत सारवली जायची. कौलांवर बी पडायचं ते शाकारणीत झाडलं जायचं. घर सोडल्यावर नवं काहीही आलेलं नाही, फक्त एक केरसुणी थांबली. तरी छायाचित्रांत मुळांनी वेढलेली देवळं बघताना आपल्याला जंगलाने स्वारी केल्यासारखं वाटतं. खरं तर तिथे कुणीतरी पहारा सोडून गेलेलं असतं.

दगड-चुन्याच्या इमारती मातीच्या घरापेक्षा फार काळ टिकतात, म्हणून त्यांच्यात हा सगळा व्यवहार सावकाश बघता येतो. वसईचा किल्ला त्यासाठी उत्तम. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यांनी तटबंदीच्या आत अख्खं शहर वसवलं, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ते जिंकलं आणि पुढे इंग्रजी अमलात तिथली वस्ती विरत गेली. आज आत चर्चचे छप्पर नसलेले सांगाडे उभे आहेत, मधून वाटा आहेत, आणि रविवारी लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. एखादी भिंत निवडून तिच्यापुढे अर्धा तास नुसतं उभं राहावं. पावसाळ्यात गेलात तर जास्त बरं.

सगळ्यात आधी दिसतात ते दगडावरचे करडे, हिरवट, पिवळे ठिपके. ही दगडफुलाची भावकी. जे दगडफूल आपण गोड्या मसाल्यात घालतो ते आणि हे एकाच कुळातले. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार असतो: शैवाल उन्हात अन्न शिजवतं, बुरशी घर देते आणि दगडाला धरून ठेवते. धरताना ती आम्लं सोडते आणि दगडाचा पृष्ठभाग कणाकणाने सुटतो. त्या चिमूटभर भुशावर शेवाळ येतं. शेवाळ धूळ अडवतं, धुळीत ओल राहते आणि मग नेचे येतात, तेरडा येतो. भिंतीवरची माती अशी भिंतीचीच आणि वाऱ्याची मिळून होते.

चुन्याची गोष्ट आणखी मजेची. किनाऱ्यावर चुना पुष्कळदा शिंपल्यांचाच. शिंपले भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा. गडांवर दगडी चाक आणि गोल चर दिसतो ना, ती चुन्याची घाणी. बैल फिरवून त्यात चुना मळत. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असलं काय काय त्यात पडे. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. म्हणजे शिंपल्याचा दगड झाला, एवढंच. पण पावसाच्या पाण्यातही तोच वायू थोडा विरघळलेला असतो. असं किंचित आंबट पाणी गिलाव्याच्या भेगेतून सांध्यात झिरपलं की चुना विरघळवून नेतं. जुन्या तळघरांत छताला पांढऱ्या मेणासारखे ओघळ लोंबतात, ती वरच्या सांध्यांमधून निघालेली चुन्याची वरात. गिलावा शाबूत असेपर्यंत हे घडत नाही. गिलावा दर काही वर्षांनी करावा लागतो. पुन्हा शाकारणीच.

सांधा मोकळा झाला की तिथे पिंपळ येतो. वड, उंबर, पायर, नांदरुक हे सगळे त्याचेच भाऊबंद, पण भिंतीवरचा खरा पाटील पिंपळ. त्यालाच का जमतं? पिंपळाचं बी मोहरीहूनही बारीक असतं आणि ते पक्ष्याच्या पोटातून येतं. तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ, कावळा ही मंडळी पिकली फळं खातात, उंच टोकाला बसतात आणि शिटतात. रात्री वटवाघळं तेच करतात. बी सुखरूप बाहेर पडतं. हरियाल मात्र याला अपवाद. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हा. वडा-पिंपळावर त्याचे थवे उतरतात आणि आपल्याला वाटतं, केवढं बी पसरत असेल. पण पारव्यांच्या कुळातला असल्याने त्याच्या गिझर्डात खडे असतात, त्यात बरंचसं बी दळून निघतं. झाडाच्या दृष्टीने तो पाहुणा फुकट जेवणारा.

मुळात ही झाडं जमिनीवर वाढायची फारशी हौस धरत नाहीत. दाट जंगलात जमिनीवर ऊन नसतं. म्हणून त्यांनी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, ताडाच्या झावळीच्या खाचेत, कड्याच्या कपारीत रुजायचं आणि तिथून मुळं खाली सोडायची अशी वाट काढली. लाखो वर्षांची सवय आहे ती. त्यांच्या लेखी वसईची भिंत, पुण्यातला वाडा आणि सोसायटीचा ड्रेनेजचा पाइप हे सगळे कडेच. कबुतरांनाही गच्च्या याच कारणाने आवडतात. तीही मूळची कड्यांवरची. आपण माणसांसाठी शहर बांधतो आणि नकळत कड्यावरच्या जिवांची सोय करतो.

तरीही एका गोष्टीवाचून वड-पिंपळांच्या, म्हणजे अंजिराच्या, कुळाचं काही चालत नाही. पिंपळाचं फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. आत शिरून परागण करणारी एक चिमुकली गांधीलमाशी असते आणि साधारणपणे प्रत्येक जातीची माशी वेगळी. हवाई बेटांवर नांदरुक आधी नुसतं शोभेचं झाड होतं. बी धरायचं नाही, जिथे लावावं तिथेच राहायचं. 1938 मध्ये त्याची माशी तिथे मुद्दाम आणून सोडली. त्यानंतर बी धरू लागलं आणि होनोलुलूच्या इमारतींवर, छपरांच्या पन्हाळींत, इतर झाडांच्या खोडांवर नांदरुकाची रोपं उगवायला लागली. भिंत तीच, पक्षी तेच, झाडही तेच. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या किड्याचा काय तो फरक.

मूळ दगड कसा फोडतं? लोक म्हणतात ताकदीने. ते निम्मंच खरं. मुळाचं टोक दगडाला भोक पाडत नाही. ते आधीची फट शोधतं, केसाएवढीही पुरते. आत गेलं की मूळ जाड व्हायला लागतं. पेशींत पाणी भरून त्या फुगतात आणि बाजूंना रेटतात. हा रेटा फार झाला तर दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या आसपास पोहोचतो. मोटारीच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन किलोने. म्हणजे रेटा चारपाच चाकांचा, पण राक्षसी नव्हे. बेसॉल्टचा अखंड दगड तेवढ्याने फुटत नाही. सांधा मात्र उकलतो. चुन्याची भिंत वरून दाबलेलं वजन आरामात पेलते, बाजूला ताणलं तर तिच्यात जीव नसतो. आणि मूळ रेटायचं थांबत नाही. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

थंड देशांत हे काम बर्फ करतो. भेगेत पाणी शिरतं, गोठताना नऊ टक्के फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. युक्रेनमधलं प्रिप्यात 1970 साली वसवलेलं शहर. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर 27 एप्रिल 1986 ला दुपारी ते रिकामं केलं गेलं, जवळजवळ पन्नास हजार माणसं बसमधून गेली. आता तिथल्या गच्च्यांवर भूर्जाची झाडं आहेत. पण रस्त्यांच्या आणि पायऱ्यांच्या भेगा आधी बर्फाने मोठ्या केल्या, भूर्ज मागून आला. आपल्याकडे सखल मुलखात बर्फ नाही, आपल्याकडे पिंपळ आहे.

काँक्रीटला मुळांपेक्षा मोठा शत्रू पोटातच असतो. सुरुवातीला आतल्या सळ्या गंजत नाहीत, कारण ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं आणि त्या वातावरणात लोखंडावर एक राखणारा थर धरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा अल्कधर्म मारतो. मग ओल लागली की सळई गंजते, गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. ज्या वायूने चुन्याची भिंत म्हातारपणी पक्की होते त्याच वायूने आपली इमारत पोखरली जाते, हे मला अजून गमतीचं वाटतं. आमच्या इमारतीत मीटिंगला हा मुद्दा मांडला तेव्हा गंमत कुणालाच वाटली नाही. दुरुस्तीची वर्गणी किती, हाच प्रश्न आला. तोही बरोबरच होता.

मुंबईत गिरण्यांच्या चिमण्यांवर पिंपळ दिसायचे. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी थंड पडली. चिमणीतून धूर निघत असताना तिच्या कडेवर पाखरू बसेल कशाला? धूर थांबला, पाखरं बसू लागली, विटांच्या सांध्यांत बी पडलं. कोकणातलं घर आणि लालबागची चिमणी, दोघांचीही आधी चूल विझली.

मग पिंपळ कापत का नाहीत, हा प्रश्न येतो. पहिलं कारण, हात धजावत नाही. पिंपळावर मुंजा असतो, उंबराखाली दत्त असतो. वाड्याच्या भिंतीवरचा पिंपळ काढायला गवंडी तयार होत नाहीत, झाले तर आधी नारळ मागतात. दुसरं कारण जास्त अवघड आहे. वरून छाटला की तो खालून दुप्पट फुटतो. मुळासकट उपटावा तर भिंत सोबत येते. औषध घालून मारला तर आत मुळं कुजतात आणि जिथे मूळ होतं तिथे पोकळी राहते. पाणी त्याच वाटेने शिरतं. मोठ्या झाडाने भिंत फोडलेली असते हे खरं, पण फोडलेली भिंत त्यानेच मुठीत धरलेली असते. गडांवर संवर्धनाला जाणारी पोरं उत्साहाने सगळं हिरवं साफ करतात तेव्हा माझ्या पोटात थोडं गलबलतं. रोप दोन पानांवर असताना नखाने खुडायचं असतं. मनगटाएवढं झाल्यावर ते काम माहीतगाराचं.

कंबोडियातलं ता प्रोम हे देऊळ याच पेचाचं जगप्रसिद्ध उदाहरण. सातव्या जयवर्मनाने 1186 मध्ये ते उभारलं. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासकांनी अंकोरची बाकीची देवळं झाडांमधून सोडवली, हे मात्र सापडलं तसं ठेवायचं ठरवलं. छतांवर बसलेल्या तिथल्या अवाढव्य झाडांत अंजिराच्या कुळातली आहेत, तशी टेट्रामेलेस नावाचीही, जी आपल्या पश्चिम घाटातही वाढतात. आता मौज बघा. सापडलं तसं दिसावं यासाठी तिथे भिंतींना टेकू आहेत, मुळांना आधार आहेत, लाकडी वाटा आहेत. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणानेही कंबोडियाच्या संस्थेबरोबर तिथे डागडुजीचं काम केलं आहे. ओसाडपणा टिकवायलाही गवंडी लागतो.

आणि जे परत येतं ते आधीचं जंगल नसतं. आमच्या त्या घराच्या अंगणात पहिल्यांदा आली एकदांडी, मग घाणेरी, मग रानमोडी. तिघीही अमेरिकेकडच्या. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेला म्हणून भारतात आणली, आज कित्येक गडांच्या वाटा तिने बंद केल्या आहेत. वसईत आणि रेवदंड्याला गोरखचिंचेची फुगीर खोडं उभी आहेत, ती मूळची आफ्रिकेची. वस्ती उठते पण वस्तीने लावलेलं मागे राहतं. कोकणात रान तुडवताना अचानक पांढरा चाफा दिसला, शेजारी चिंच, खाली हळदीची पानं, की जाणकार माणूस पायाने पालापाचोळा सरकवून जोतं शोधतो. सापडतंच.

देशावर तर अशा वस्तीच्या जागेला नावच आहे. शेतीची जमीन ती काळी, गाव वसलेली ती पांढरी. मातीच्या भिंती पडायच्या, त्यावर नव्या उठायच्या, चुलीची राख, शेण, उष्टं-खरकटं त्यात मिसळायचं. शतकांनी तिचा पांढुरका उंचवटा होतो. डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे पंधराएक वर्षं घोड नदीकाठच्या इनामगावला असाच उंचवटा खणला, तेव्हा इसवी सन पूर्व 1600 ते 700 या काळातली घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा निघाल्या. मराठवाड्यातल्या गढ्याही अशाच पांढऱ्या मातीच्या. छप्पर गेलं की दर पावसात बुरूज थोडे ओघळतात, वर बोरी-बाभळी उगवतात, पोपट भोकांत घरटी करतात.

पण गढीला संपवतात ते पोपट नव्हेत. उन्हाळ्यात बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर येतात, टिकावाने पांढरी खणतात आणि शेतात नेऊन पसरतात, कारण राखेने आणि शेणाने मुरलेली ती माती खतासारखी लागू पडते. पुरातत्त्ववाले कपाळाला हात लावतात. पहिल्या पावसानंतर त्या काळ्या रानात कापसाची रोपं वर येतात आणि मातीच्या ढेकळांतून धुऊन निघालेले खापराचे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे उन्हात चमकतात. निंदणीला आलेल्या बायका त्यातला एखादा निळा तुकडा उचलून बघतात, आणि बांधावर फेकून देतात.